चौथ्या वाटेतले चाळीस सेकंद

भाऊजी,

मशीनच्या पडद्यावरची रेघ शंभरातल्या बारावर आली आहे. साडेनऊ वाजलेत आणि लाईट दोनला जाणार. तुम्ही शिकवलेल्या गणिताने काम दीडपर्यंत उरकायला हवं, पण तुमच्या मशीनने तुमचं गणित कधी ऐकलंय?

एक्सपोर्ट, म्हणजे फिल्म मशीनमधून बाहेर काढणं, चालू असताना खोलीतून उठायचं नाही, हा तुमचा कायदा. म्हणून बसले आहे. नुसतं त्या रेघेकडे बघत बसलं की रडू येतं, आणि रडू आलं की लगेच राग येतो, तुमचाच. म्हणून ही वही ओढली. तिच्या पुढच्या पानांवर माझंच अक्षर आहे. '४७ वर थांबलं, लाईट गेली.' '८१ वर थांबलं, मशीन तापलं.' '९९ वर थांबलं, का ते कळलं नाही.' त्या नव्व्याण्णवच्या दिवशी तुम्ही वीर गावी लग्नाचं शूटिंग आटपून आलात, वही वाचलीत आणि ओसरीवर बूट न काढता बसून राहिलात. मी पाणी आणलं तर म्हणालात, "वहिनी, अजून एक पाऊल टाकलं असतं तर काय बिघडलं असतं गो त्याचं?"

तुमच्याबद्दल लोक चांगलं बोलतायत. दहाव्याला, तेराव्याला सगळे बोलले. मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि जे बोलायचं आहे ते चांगलं नाही.

मी चौथी शिकले. बाबांनी गुरांमागे पाठवलं आणि शाळा संपली. लग्न होऊन महाडला आले तेव्हा तुम्ही सातवीत होतात. माझं डोंगरी हेलातलं 'हाय' आणि 'नाय' ऐकून आळीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या, तेव्हापासून मी बाहेर बोलणंच कमी केलं. मग घरातही हळू बोलायची सवय लागली. तुम्ही यांना सांगायचात, "दादा, वहिनी भाकरीशी बोलते, आपल्याशी नाय."

मुंबईच्या कुठल्या तरी स्टुडिओत सहा वर्षं राबून तुम्ही परत आलात ते फिल्म जोडायचं हे मशीन घेऊन. मधल्या खोलीतल्या माझ्या धान्याच्या कोठ्या मोरीशेजारी गेल्या. बायका विचारायच्या, "दिराचं लग्न मशीनशी लावलंस काय गो?" मला तुम्ही तिथे राखणीला बसवलंत. तुम्ही शूटिंगला गेलात की रेघ कुठे थांबली ते मी लिहून ठेवायचं, बस्स. एकदा भीत भीत मी म्हटलं, "भाऊजी, त्या नवरीच्या बापाचं बोलणं ओठांच्या मागनं येतंय." तुम्ही हसलात. मग कानाला हेडफोन लावून चारदा बघितलंत आणि म्हणालात, "दोन फ्रेम. दोन फ्रेम मागे आहे, वहिनी. हे मला नाय कळलं." डोंगरात वाढलेल्या माणसाला त्यात काय? पलीकडच्या सोंडेवर कुऱ्हाड पडते ती आधी दिसते आणि मग ऐकू येते, आम्ही त्यावरून अंतर सांगायचो. पण त्या दिवसापासून मी ऐकल्याशिवाय तुमचं कुठलंही काम घराबाहेर गेलं नाही. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नव्हता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे रागावायला मोकळी.

रेघ एकोणीस.

मग तुम्ही मुंबईच्या एका टीव्ही चॅनेलसाठी माझ्या माहेरावर फिल्म करायला घेतलीत. पोलादपूरच्या वर डोंगराच्या सोंडेवर आमची वाडी, समोर दुसरी सोंड, मध्ये दरी. उतरून पलीकडे चढायला अर्धा दिवस जातो, म्हणून माणसं बोलतात ती कुकाऱ्याने. तोंडाशी हात धरून अलीकडून एक लांब कुकारा घालायचा, म्हणजे गुरं सोडली. पलीकडून वर चढत जाणारा दुसरा येतो, म्हणजे दिसली, मी अडवते. मग अलीकडून एक तुटका, म्हणजे बरं. इतकंच. पण प्रत्येक घराचा वेगळा, गुरंसुद्धा ओळखतात. आणि दोन रीती लहानपणीच शिकवतात. दुसऱ्याच्या कुकाऱ्याला आपण ओ द्यायची नाही. आणि ज्याने कुकारा घातला त्याने ओ येईपर्यंत जागा सोडायची नाही. बाबांच्या कुकाऱ्याला पलीकडच्या गोठ्यावरून ओ द्यायचं काम लग्न होईपर्यंत माझं होतं. आता तो गोठा बंद आहे. पलीकडची सगळी माणसं मुंबईला गेली.

शूटिंगच्या दिवशी आवाज घ्यायचं एक यंत्र तुम्ही बाबांजवळ ठेवलंत, आणि दुसरं पलीकडे जाऊन त्या गोठ्याच्या भिंतीवर. येताना गुडघा सोलून आलात. बाबांनी कुकारा घातला, कानाशी हात धरला आणि थांबले. दरीतून नुसता वारा. बराच वेळ थांबून बाबांनी तो शेवटचा तुटका कुकारा घातला आणि काठी उचलली.

तुम्ही विचारलंत, "तात्या, कोणी ओ दिलीच नाय, मग 'बरं' कुणाला म्हणालात?"

"मला आली ऐकू. तुला नाय आली त्याला मी काय करू?"

"बरं, हे मला सांगा. कुकारा म्हणजे बोलणं धरायचं की आवाज? चॅनेलवाले विचारतात."

"गुरांना इचार," बाबा म्हणाले.

मी मागे भाकरीचं फडकं धरून उभी होते. बाबा थांबले होते तेव्हा माझे ओठ हलले होते. ते फक्त तुम्ही बघितलंत. उतरताना म्हणालात, "वहिनी, तू देशील ओ? मी परत यंत्र लावतो."

"छे! टीव्हीवर? आळीतल्या बायका काय म्हणतील? नको."

"बरं," म्हणालात तुम्ही. आणि पुढे चालायला लागलात.

तिथून सगळा घोळ सुरू झाला, पण हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं घोळ मशीनचा. त्या चॅनेलला आवाजाच्या चार वेगळ्या वाटा हव्या होत्या, त्यांनाही ते चॅनेलच म्हणतात. पहिल्या दोन वाटांत सगळं एकत्र, तुमचं निवेदनही. तिसरीत आणि चौथीत निवेदन नको, फक्त जागेवरचे आवाज, डावीकडचे तिसरीत आणि उजवीकडचे चौथीत, म्हणजे उद्या त्यांना दुसऱ्या भाषेत निवेदन घालता येईल. मला इंग्रजी येत नाही म्हणून पडद्यावर तुम्ही रंग दिलेत. पिवळा तुमच्या निवेदनाचा. हिरवा डाव्या सोंडेचा, बाबांचा. निळा उजव्या सोंडेचा.

फिल्म पहिल्यांदा परत आली ती खरोखर मशीनमुळे. बाहेर काढताना ते चार वाटा दाबून दोनच करायचं. तीन आठवडे तुम्ही त्या एका खिडकीतली बटणं बदलत होतात. एकदा चार वाटा निघाल्या, पण चारही सारख्या, चारीतून तुम्हीच बोलत होतात. मी ऐकून सांगितलं तेव्हा तुम्ही मशीनवर उशी फेकलीत. शेवटी जमलं. त्या दिवशी तुम्ही बाजारातून जिलबी आणलीत.

पण नंतर एक गोष्ट झाली, ती मला तेव्हाच खटकायला हवी होती. पहिल्या तीन वाटा तुम्ही मला ऐकायला द्यायचात. चौथी द्यायचा नाहीत. "ती मी ऐकली गो, झालं." मला वाटलं, माझे कान दमले म्हणून दया करताय.

फिल्म दुसऱ्यांदा परत आली. तिसऱ्यांदा परत आली. चिठ्ठी इंग्रजीत. मी विचारायची, "काय म्हणतायत?" आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणायचात, "मशीन उजवीकडचा आवाज खातंय." मी विश्वास ठेवला. मशीनला नजर लागली असणार, सगळी आळी त्याच्याबद्दल बोलते, असं मला वाटलं. मी मीठ-मोहरी घेतली आणि त्याच्यावरून तीनदा ओवाळली. तुम्ही खुर्चीत बसून बघत होतात. म्हणालात, "स्क्रीनवरून पण ओवाळ, वहिनी." मी स्क्रीनवरूनही ओवाळली. चुलीत टाकली तर केवढी तडतडली! मी म्हटलं, बघा, केवढी नजर होती. तुम्ही मान डोलावलीत. खोटारडे.

रेघ चौतीस. लाईट एकदा लुकलुकली, माझा जीव गेला. आहे अजून.

चौथ्यांदा डिस्क पाठवलीत आणि आठ दिवसांनी तापाने पडलात. ते दिवस मी लिहिणार नाही.

तुमचा मोबाईल मी बंद केला नव्हता. नवव्या दिवशी वाजला. यांनी घेतला नाही, म्हणून मी घेतला. मुंबईच्या चॅनेलमधली बाई होती.

"सर आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

ती 'हॅलो, हॅलो' करत राहिली. शेवटी कसंबसं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, वाईट वाटलं हो. आत्ता बोलू नये, पण या महिन्याअखेर फिल्म नीट आली नाही तर आम्हाला ती सोडून द्यावी लागेल. छान फिल्म आहे, म्हणून सांगते. तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का हे काम करणारं?"

मी म्हटलं, "मशीन उजवीकडचा आवाज खातंय."

"नाही हो ताई. मशीनची चूक दर वेळी वेगळ्या जागी होते. ही तिन्ही वेळा एकाच जागी आहे. चौदाव्या मिनिटाला चौथा चॅनेल चाळीस सेकंद एकदम कोरा. कुणीतरी मुद्दाम कापलंय. तिथे काहीही टाका, नुसता वारा टाकलात तरी चालेल."

फोन ठेवला आणि तुमच्या खुर्चीत बसले. तेराव्याच्या आधी बसायचं नाही असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी बसले. पिवळा रंग पहिल्यांदा बंद केला, तुमचा आवाज मला झेपला नसता. मग चौदाव्या मिनिटावर गेले. वर चित्रात बाबा, कानाशी हात. हिरव्यात त्यांचा श्वास, काठीचा आवाज. आणि निळ्यात भोक. सरळ कापलेलं, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. वारासुद्धा ठेवला नव्हतात.

भाऊजी, वारा तरी ठेवायचात! वाऱ्यावर पास झाली असती फिल्म. तुम्ही असताना टीव्हीवर लागली असती, तुम्ही बघितली असती. कुणाला कळलं असतं की तिथे कुणाची तरी ओ हवी होती? पण नाही. तुम्ही जागा धरून बसलात, बाबांसारखे, ओ येईपर्यंत हलायचं नाही. ती रीत डोंगरातल्या माणसांची, तुम्हाला कुणी सांगितली होती पाळायला? आणि पाळायची तर पूर्ण पाळा. बाबा निदान कुकारा तरी मोठ्याने घालतात. तुम्ही मनातल्या मनात घातलात आणि मला ऐकू आला नाही म्हणून थांबून राहिलात.

दुसऱ्यांदा का विचारलं नाहीत?

मला हेच समजत नाही. एकदा 'नको' म्हटलं म्हणून झालं? माझं कुठलं 'नको' पहिल्यांदा खरं असतं? अठरा वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात. तुम्ही 'पुरे' म्हणालात की मी भाकरी वाढायचे, पुन्हा 'पुरे' म्हणालात की पुन्हा अर्धी वाढायचे, आणि तुम्ही ती खायचात. आग्रह म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं. मलाच करता आला नाही? मी दुसऱ्यांदाही नाही म्हटलं असतं. तिसऱ्यांदा आले असते. मला माझं माहीत आहे.

की लाज वाटली तुम्हाला? की माझ्या 'नको'चा मान राखलात? की वाटलं, वहिनी कधीतरी चौथी वाट ऐकेल, भोक बघेल आणि आपणहून विचारेल? मग ऐकवायची होतीत ना! लपवलीत कशाला? मी याचा उलगडा करून करून थकले. उत्तर देणारा माणूस नाही. आणि तुम्ही काय म्हणाला असतात ते तुमच्या वतीने मी बोलणार नाही. दुसऱ्याच्या कुकाऱ्याला ओ द्यायची नाही.

हे म्हणाले, "माणूस गेला, आता ते मशीन ठेवून काय करायचं? अमावस्या झाली की बिरवाडीचा एक जण न्यायला येतोय." दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर खिडक्या लावल्या, यंत्राचं लाल बटण दाबलं, तोंडाशी हात धरला आणि ओ दिली.

इतक्या वर्षांनी कशी निघणार? पहिली फुटली. दुसरी जरा चढली. तिसरी घालतेय तोवर दार धडधडायला लागलं. उघडलं तर समोरच्या सुमनकाकी आणि मागे पाच-सहा बायका.

"काय गो, परत भरून आलं? लेकरासारखा वाढवलास, येणारच. रड गो बाय, रड. दाबून ठेवू नको."

मला बसवलं, साखरपाणी पाजलं. दोघी-तिघी माझ्याबरोबर रडल्यासुद्धा. मी काय सांगणार? तुम्ही असतात तर मोरीत तोंड लपवून हसला असतात. नंतर ऐकलं तर सगळं यंत्रात आलेलं. निळ्या वाटेत माझी ओ आणि त्यावर सुमनकाकींचं 'रड गो बाय, रड'.

म्हणून डोंगरात जावं लागलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "कशाला हा उपद्व्याप?" मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा यांनी चपला घातल्या. बघा, तिसऱ्यांदा. पोलादपूरपर्यंत एस्टी, पुढे पायी, रात्री वाडीत मुक्काम. सकाळी निघालो ते दुपारी पलीकडच्या गोठ्यावर पोचलो. भिंतीवर तुम्ही यंत्र ठेवलं होतंत तिथे तुम्ही लावलेला दगड अजून होता. त्यावरच यंत्र ठेवलं.

बाबांनी कुकारा घातला. मी तोंडाशी हात धरला, पण ओ निघेना. बाबा तिकडे मुंगीएवढे दिसत होते, कानाशी हात धरून. मला वाटलं कंटाळून जातील. गेले नाहीत. मग कुठून आली कोण जाणे, पोटातून आली. दरी ओलांडून गेली ते मला दिसलं. खालच्या झाडीतले वानर ओरडायला लागले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "एवढा आवाज हाय तुझा?"

"हाय," मी म्हटलं.

"आणि मी समजत होतो, बायकोला घसाच नाय."

पलीकडून बाबांचा तुटका आला. बरं. तो मी फिल्ममध्ये घातलेला नाही, फिल्ममध्ये त्यांचा आहेच. फक्त माझी ओ आणि वारा ओढून निळ्यात ठेवला, आणि दोन फ्रेम पुढे, एक मागे करत एक अख्खी सकाळ घालवली. आता बाबा चाळीस सेकंद उगाच थांबल्यासारखे वाटत नाहीत.

माझ्यासाठी कुणी जागा धरून ठेवली असं आयुष्यात झालं नव्हतं, भाऊजी. तुम्ही धरलीत. आणि कशी धरलीत, तर फिल्म चारदा परत आली, स्वतः न बघता गेलात आणि माझ्या हातून मशीनची नजर काढवलीत. मी कशाकशाचं कौतुक करू?

रेघ एकाहत्तर. थांबते. नव्व्याण्णवला मला हातात पेन नको.

*

पाच दिवसांनी लिहिते.

त्या दिवशी शंभर झाले. एक वाजून दहा मिनिटांनी. चारी वाटा वेगवेगळ्या ऐकल्या, पहिल्या दोन्हीही ऐकल्या, तुमच्यासकट. डिस्क यांनी स्वतः मुंबईला नेऊन दिली. अमावस्या झाली, बिरवाडीचा माणूस काही आला नाही. मी विचारलं नाही, हेही बोलले नाहीत.

आज सकाळी त्या बाईचा फोन आला. मीच घेतला.

"ताई, कोरी जागा भरली. फारच सुंदर भरली. पण परत करावी लागतेय हो."

मला पुन्हा तो जुना राग आला, तुमच्याबरोबर यायचा तसा. "आता काय झालं?"

"चौथ्या चॅनेलला त्याच जागी बाईचा आवाज आहे ना, तो ठरलेल्या मर्यादेच्या वर जातोय. थोडा कमी करून पाठवा. अजून आठवडा आहे."

"काय कमी करू?"

"आवाज, ताई. त्या बाईंचा आवाज फार मोठा आहे."

फोन ठेवला आणि तुमच्या खुर्चीला म्हटलं, ऐकलंत?

कसा कमी करायचा ते मला येतं. निळी रेघ जरा खाली ओढायची, पुन्हा एक्सपोर्ट लावायचा, पुन्हा वही घेऊन बसायचं. उद्या करीन. आज मी हेडफोन काढून ठेवला, मोठे स्पीकर लावले, खिडक्या उघडल्या आणि चौदाव्या मिनिटावर गेले. बाबांनी कुकारा घातला. मग मी ओ दिली, आहे तेवढ्या आवाजात, अख्ख्या आळीत.

समोरून सुमनकाकींची हाक आली, "काय गो, कोण बोंबलतंय?"

मी दारात जाऊन उभी राहिले.

"मी हाय ती, काकी. मीच हाय."